मंगळवारची मीटिंग कुणाच्या घड्याळाची?

ठिबकचं ड्रॉइंग करणारा माणूस जळगावात शोधावा लागत नाही. भवरलाल जैन यांनी इथे जैन इरिगेशन उभी केली, तेव्हापासून लॅटरल, सबमेन, फिल्टर हे शब्द या गावाच्या बोलण्यातलेच झालेत. ज्या ऑफिसचं हे प्रकरण आहे तेही अशाच जाणकारांचं. नऊ माणसं. सुरुवात रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यांपासून झाली आणि हळूहळू परदेशातल्या कामांची ड्रॉइंगं यायला लागली. ऑफिसचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. मालकांना सगळे नाना म्हणतात, तेवढं पुरे. त्यांचे कॉम्प्युटर, नेटवर्क, ईमेल मी बाहेरून बघतो, त्यामुळे हे सगळं माझ्यासमोर आलं.

२०२५ च्या सुरुवातीला त्यांच्या हातात दोन मोठी कामं होती. एक कॅलिफोर्नियात, फ्रेझ्नोच्या बाजूला, बदामाच्या रोपांची नर्सरी. ग्रीनहाउस नेदरलँड्सच्या पुरवठादाराचं, पाण्याची सगळी रचना जळगावची आणि प्रत्यक्ष बांधकाम कॅलिफोर्नियातल्या ठेकेदाराचं. दुसरं काम दुबईत, एका वसाहतीच्या बागांचं. तिथे साइटवर त्यांचाच एक इंजिनिअर होता, अमळनेरचा.

दोन्ही कामांची साप्ताहिक मीटिंग मंगळवारी ठेवलेली. दुबईची रात्री साडेआठला, म्हणजे तिथे संध्याकाळचे सात. ती नोंद नानांनी स्वतः कॅलेंडरमध्ये टाकली होती. कॅलिफोर्निया, नेदरलँड्स आणि जळगाव अशी तिघांची मीटिंग रात्री साडेनऊला. तिची नोंद कॅलिफोर्नियातल्या प्रोजेक्ट मॅनेजरची, त्याच्या सकाळच्या आठची. नेदरलँड्समध्ये तेव्हा संध्याकाळचे पाच. मध्ये जेवायला पुरेसा वेळ मिळायचा. ऑफिसातल्या कुणीतरी या वेळांचा तक्ता छापून भिंतीवर चिकटवला होता आणि जानेवारी-फेब्रुवारीभर तो तंतोतंत बरोबर होता.

मार्चमध्ये काय झालं

१ मार्चला दुबईत रमजान सुरू झाला. तिथल्या कायद्याप्रमाणे या महिन्यात रोजचे कामाचे तास दोनने कमी होतात, आणि सातची वेळ इफ्तारला लागूनच येत होती. अमळनेरच्या इंजिनिअरने व्हॉट्सॲपवर लिहिलं, "नाना, महिनाभर दुपारी तीनला घेऊ." दुबईचे तीन म्हणजे आपले साडेचार. नानांनी अंगठा दाखवला आणि विषय संपला. कॅलेंडरमधली साडेआठची नोंद मात्र कुणी हलवली नाही. ती तशीच दर मंगळवारी उगवत राहिली.

९ मार्चच्या रविवारी अमेरिकेत उन्हाळी वेळ लागू झाली आणि घड्याळं एक तास पुढे गेली. २००७ पासून तिथे हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे फिरतो. युरोपात तो मार्चच्या शेवटच्या रविवारी होतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी फिरतो. आपल्याकडे होतच नाही. भारतात घड्याळं पुढे नेली होती ती दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात. त्यामुळे घड्याळाचा काटा सरकारी आदेशाने हलू शकतो ही गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेलीच नाही. जळगाव आणि कॅलिफोर्निया यांच्यात हिवाळ्यात साडेतेरा तासांचं अंतर असतं. ९ मार्चला ते साडेबारा झालं.

११ मार्चला कॅलिफोर्नियाचे सकाळचे आठ म्हणजे जळगावचे रात्रीचे साडेआठ. कॅलेंडरने नोंद बिनचूक साडेआठवर आणून ठेवली. आणि तिथे आधीपासून दुबईची शिळी नोंद बसलेली होतीच.

ड्रॉइंग विभाग सांभाळणाऱ्या इंजिनिअरच्या फोनवर आठ वाजून वीस मिनिटांनी दोन आठवणी एकदम आल्या. दुबईची मीटिंग दुपारीच झाली होती हे त्याला माहीत होतं. म्हणजे एक नोंद खोटी. मग तिच्याच वेळेवर चढून बसलेली दुसरी खरी कशावरून? भिंतीवरचा तक्ता साडेनऊ सांगत होता. तरी त्याने खात्री करायची म्हणून प्रोजेक्ट मॅनेजरची आदल्या दिवशीची मेल उघडली. तीत लिहिलं होतं, सकाळी ८ पीएसटी. त्याने पीएसटीचे आठ भारतीय वेळेत किती ते इंटरनेटवर पाहिलं. उत्तर आलं साडेनऊ. त्याने दोन्ही आठवणी बाजूला सरकवल्या आणि जेवायला बसला.

या इंजिनिअरला मी अजिबात दोष देत नाही. त्याने तीन ठिकाणी पडताळून पाहिलं आणि तिन्ही ठिकाणी साडेनऊच निघाले. पीएसटी म्हणजे पॅसिफिकची प्रमाण वेळ, हिवाळ्यातली. ९ मार्चनंतर तिथे पीडीटी, म्हणजे उन्हाळी वेळ, लागू झाली होती. पण अमेरिकेतले बरेच लोक बारा महिने पीएसटीच लिहितात. तिथल्या तिथे त्याने काही बिघडत नाही, कारण वाचणाराही त्याच घड्याळावर जगत असतो. ती मेल साडेबारा तास लांब आली की अक्षरशः खरी धरली जाते आणि एक तास चुकतो. आपणही मेलमध्ये बेधडक आयएसटी लिहितो. इस्रायल आणि आयर्लंडमधली माणसंही तीच तीन अक्षरं आपापल्या वेळेसाठी लिहितात.

साडेनऊला जळगावचे तिघं लिंकवर गेले तेव्हा मीटिंग नुकतीच संपलेली होती. रिकाम्या पडद्यासमोर ते बराच वेळ बसले. तिकडे त्या तासात एक निर्णय झाला होता. विजेच्या जोडणीमुळे पंप आणि फिल्टरची जागा पूर्वेकडून कालव्याच्या बाजूला न्यायची ठरली. पंप-फिल्टरचं हे हेड युनिट हललं की मेनलाइनची लांबी बदलते, पाइपचा व्यास बदलतो, दाबाचं सगळं गणित नव्याने मांडावं लागतं. मीटिंगचा वृत्तांत गुरुवारी आला. तोवर बुधवारी जळगावने जुन्या जागेप्रमाणे पाइपची यादी पाठवूनही दिली होती. ते काम पूर्ण पुन्हा करावं लागलं, आणि मध्ये धुळवडीची सुट्टी.

पोराने केलेला उपाय

ऑफिसात एक शिकाऊ मुलगा होता, कॉम्प्युटरमध्ये हुशार. नाना त्याला म्हणाले, "हे कॅलेंडर आपोआप सरकू राहिलं. ते सरकणं बंद कर." त्याने सांगितलं तेच केलं. मंगळवार, रात्री साडेआठ, भारतीय वेळ, दर आठवड्याला, अशी नवी नोंद स्वतःच्या खात्यातून बनवली आणि सगळ्यांना निमंत्रण पाठवलं. जुनी नोंद कॅलिफोर्नियाच्या माणसाची. ती तो काढू शकत नव्हता. निमंत्रिताने नोंद पुसली तर ती फक्त त्याच्या कॅलेंडरातून जाते, बाकीच्यांकडे राहते.

१८ मार्चला नेदरलँड्सचा इंजिनिअर नव्या नोंदीतल्या लिंकवर गेला, कारण नव्या नोंदीबरोबर मीटिंगची लिंकही नवी तयार झाली होती. बाकीचे सगळे जुन्या लिंकवर. तो एकटाच वाट बघत राहिला. आधीच त्याची पाचची मीटिंग तीन आठवड्यांसाठी चारवर आली होती. अमेरिका पुढे गेलेली आणि युरोप अजून जागेवर, अशा या मधल्या काळात सगळ्यात जास्त ओढाताण त्याचीच होत होती, आणि इकडे कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मेलामेली झाली, जुनीच लिंक वापरायची ठरली. नवी नोंद राहिली ती राहिलीच. ३० मार्चला, नेमकी गुढीपाडव्याच्या दिवशी, युरोपातली घड्याळं पुढे गेली आणि १ एप्रिलपासून सगळं सुरळीत झालं: कॅलिफोर्निया आठ, नेदरलँड्स पाच, जळगाव साडेआठ. दोन्ही नोंदी एकमेकींवर अशा चपखल बसल्या की दोन आहेत हेच कुणाला आठवेना. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. शिकाऊ मुलगा पुण्याला नोकरीला लागला.

ऑक्टोबरमध्ये मला बोलावलं ते वेगळ्याच कारणाने

२१ ऑक्टोबरचा मंगळवार लक्ष्मीपूजनाचा होता. त्या दिवशी रात्री साडेआठला कुणी पडद्यासमोर बसणार नव्हतं, म्हणून नानांनी ती एक मीटिंग बुधवारी घ्यायची ठरवलं. कॅलिफोर्नियाने मान्य करून आपली नोंद हलवली. तरी मंगळवारी एक शिल्लक दिसत होती, आणि ती नानांना हलवता येईना, कारण ती गेलेल्या मुलाच्या खात्यावरची. तेव्हा त्यांनी मला फोन केला.

दोन्ही नोंदी उघडून मी पुढच्या तारखांवर गेलो. २८ ऑक्टोबरपर्यंत त्या एकाच जागी होत्या. ४ नोव्हेंबरला एक साडेआठवर होती, दुसरी साडेनऊवर. २ नोव्हेंबरला अमेरिकेची घड्याळं मागे जाणार होती. एका नोंदीप्रमाणे कॅलिफोर्नियात सकाळचे आठ, दुसरीप्रमाणे सात. मार्चमध्ये निदान या मीटिंगची एकच नोंद होती. या वेळी अर्धी माणसं एका वेळेला आणि अर्धी दुसऱ्या वेळेला, दोन वेगवेगळ्या लिंकवर गेली असती, तीही दिवाळीची सुट्टी संपवून माणसं कामाला लागत असताना. त्याच्या आधीच्या मंगळवारी, २८ ला, नेदरलँड्सच्या माणसाला पुन्हा चारला यावं लागणारच होतं, कारण युरोप २६ ऑक्टोबरलाच मागे फिरणार होता.

नानांचं म्हणणं तेच, की सॉफ्टवेअर बिघडलंय. मी त्यांना नोंद आतून कशी असते ते दाखवलं. दर आठवड्याची मीटिंग कॅलेंडर एका ठरलेल्या क्षणांची यादी म्हणून साठवत नाही. ते तीन गोष्टी साठवतं: किती वाजता, कुठल्या जागेच्या घड्याळाने आणि किती दिवसांनी पुन्हा. जागेचं नाव 'अमेरिका/लॉस अँजेलिस' किंवा 'एशिया/कोलकाता' असं शहराचं असतं. त्या शहराची वेळ कधी पुढे-मागे होते याचे नियम एका सार्वजनिक डेटाबेसमधून येतात. तो आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केला, पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळला आणि आज बहुतेक फोन, सर्व्हर त्यावर टेकून असतात. एखादा देश नियम बदलतो तेव्हा डेटाबेस बदलतो आणि नोंदी आपोआप नव्या जागी बसतात. २०२२ मध्ये मेक्सिकोने बहुतेक भागात उन्हाळी वेळ बंद केली, २०२३ मध्ये इजिप्तने ती पुन्हा आणली. युरोपच्या संसदेने २०१९ मध्ये हा खेळ थांबवायच्या बाजूने मत दिलं, पण सदस्य देशांचं ठरेना आणि तो चालूच राहिला. भिंतीवरच्या तक्त्याला यातलं काही कळायची सोय नाही. मी तो काढायला लावला.

म्हणजे सॉफ्टवेअरने सगळं बरोबरच केलं होतं. बिघाड असला तर तो आधीच्या टप्प्यावर होता. मीटिंग कुणाच्या घड्याळाला बांधायची, हे तिघांपैकी कुणी कधी बोललेलंच नव्हतं. कॅलिफोर्नियाच्या माणसाने नोंद बनवली, त्याच्या कॅलेंडरने त्याच्या गावाची वेळ गृहीत धरली, झालं. मुलाने बनवली तेव्हा त्याच्या कॅलेंडरने आपली धरली. ज्याने बटण दाबलं त्याचं घड्याळ लागू, असा कारभार. एकाच विहिरीवर तिघांच्या पाळ्या असाव्यात आणि मोटर ज्याने आधी चालू केली त्याचं वावर भिजावं, तसं.

ठरवायला बसलो तेव्हा

पर्याय दोनच होते. कॅलिफोर्नियाचे आठ कायम ठेवायचे, तर जळगावला उन्हाळ्यात साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ. जळगावचे साडेआठ कायम ठेवायचे, तर हिवाळ्यात कॅलिफोर्नियाला सात आणि नेदरलँड्सला चार. जागतिक प्रमाण वेळेला, यूटीसीला, बांधा असं काही जण सुचवतात. पण भारताचं घड्याळ यूटीसीपासून वर्षभर साडेपाच तासांवर स्थिर असतं. त्यामुळे यूटीसीचे पंधरा म्हणा की जळगावचे साडेआठ म्हणा, परिणाम एकच. आपल्या लोकांना वाचायला सोपं ते ठेवावं.

सर्वसाधारणपणे मी घड्याळ हलवणाऱ्यांच्या बाजूने कौल देतो. ज्यांच्या गावात वेळ बदलते त्यांची मुलांची शाळा, गाडी, ऑफिस सगळं त्याबरोबर बदलतं. त्यांच्या दिवसात एकटी मीटिंग तासभर मागे-पुढे झाली तर ती सगळ्याच्या आड येते. आपल्याकडे बाकी काही हललेलं नसतं, म्हणून एक मीटिंग हलली तरी झेपते. हेच मी नानांना सांगितलं.

त्यावर भुसावळहून येणारी इंजिनिअर ताई बोलली. आतापर्यंत तिला कुणी विचारलंच नव्हतं. "भाऊ, तुम्ही म्हणता झेपतं. साडेआठची मीटिंग मी घरून करते, साडेनऊला संपते. साडेनऊची साडेदहाला संपते, त्यानंतर वृत्तांत लिहायचा, आणि सकाळी सव्वासातला पुन्हा स्टेशन. चार महिने हे करायचं तर मला काम बदलून द्या." नाना गप्प झाले. मग म्हणाले, "त्या लोकांना विचारून तर पाहू. नाही म्हणतील, अजून काय."

मेल मी लिहून दिली. तीत 'सकाळी लवकर' किंवा 'एक तास आधी' असं काही ठेवलं नाही. ऑक्टोबर ते मार्चपर्यंतचे नेमके मंगळवार, आणि प्रत्येकासमोर तिन्ही गावांची स्थानिक वेळ, शहराच्या नावासह. पीएसटी, आयएसटी कुठेच नाही. विचारलं एवढंच, की हिवाळ्यात सात तुम्हाला चालेल का, आणि नाही चालणार तर का.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. प्रोजेक्ट मॅनेजरची माणसं साइटवर सहाला येतात, सातला तो तिथेच असतो. मीटिंग आठला ठेवली होती ती केवळ त्याचं ऑफिस आठला उघडतं म्हणून. सात त्याला उलट बरी, दिवसाची कामं वाटून द्यायच्या आधी ड्रॉइंगचं कळतं. नेदरलँड्सच्या इंजिनिअरने लिहिलं की हिवाळ्यात चार मिळाले तर मुलाला पोहायला नेता येईल. हिवाळ्यात जळगाव रात्री साडेनऊला आणि नेदरलँड्स संध्याकाळी पाचला डोळे ताणून बसत होते, आणि ज्याच्यासाठी हे चाललं होतं त्याला आठची गरजच नव्हती.

म्हणजे शेवटी कायम झाली ती वेळ शिकाऊ मुलाच्या नोंदीचीच. नोंद मात्र नवी केली. त्याचं खातं बंद केलं असतं तर ती नोंद बदलायचा हक्क कुणाच्याच हातात उरला नसता. म्हणून ऑफिसच्या सामाईक खात्यात 'परदेशी मीटिंग' नावाचं वेगळं कॅलेंडर काढलं आणि नानांसह तिघांना त्यात बदल करायची मुभा दिली. नोंद त्यात टाकताना वेळेच्या शेजारचा टाइम झोन हाताने निवडला, गृहीत धरला नाही. कॅलिफोर्नियाने आपली मालिका त्यांच्याकडून रद्द केली. जुनी एखादी मालिका जिवंत ठेवून नवी सुरू करायला मी ठाम विरोध केला. लोक "असू द्या, राहील बाजूला" म्हणतात, आणि ती बाजूला राहत नाही.

प्रत्येकाच्या कॅलेंडरच्या डाव्या पट्टीत आपल्या वेळेशेजारी दुसरी वेळही दिसेल अशी सोय केली. गूगल कॅलेंडरमध्ये ती सेटिंग्जमधल्या टाइम झोनच्या भागात मिळते. ड्रॉइंगवाल्यांनी तिथे लॉस अँजेलिस लावलं, दुबईचं काम बघणाऱ्यांनी दुबई.

दुबईची मीटिंग रमजाननंतर परत साडेआठला न्यायची होती, पण साडेचारची वेळ सगळ्यांना आवडली आणि तीच राहिली, या वेळी कॅलेंडरमध्येही. पुढच्या रमजानला वेळ बदलली तर ती मालिकेत 'ही आणि पुढच्या सगळ्या' निवडून बदलायची, व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून नाही, हे नानांनी स्वतः सगळ्यांना सांगितलं. किती पाळलं जाईल ते बघायचं. नानांचा अंगठा फार चपळ आहे.

४ नोव्हेंबरला मीटिंग साडेआठला झाली, तिन्ही ठिकाणची माणसं एकाच लिंकवर.

त्यानंतर ऑस्ट्रेलियातून, मिलड्युराच्या बाजूच्या एका बदाम बागायतदाराची चौकशी आली. तिथे ऋतू उलटे आणि घड्याळही उलटं: उन्हाळी वेळ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सुरू होते आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी संपते. आपल्यापेक्षा ते तेव्हा साडेपाच तास पुढे, एरवी साडेचार. आपले रात्रीचे साडेआठ म्हणजे त्यांचे मध्यरात्रीनंतरचे दोन किंवा एक, त्यामुळे मंगळवारच्या मीटिंगला ते जोडता येत नाहीत. सकाळी साडेदहाची वेगळी मीटिंग ठेवायचा विचार आहे, म्हणजे तिकडे दुपारचे चार किंवा तीन पडतील. भुसावळच्या ताईने नोंद करण्याआधी त्यांना मेल टाकून विचारलंय, एप्रिलनंतर तुमचे चार कायम ठेवायचे की आमचे साडेदहा. उत्तर यायचं आहे.